टाकीत औषध पडण्याआधी

जानेवारी उतरणीला लागला की दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या आम्हा द्राक्ष सल्लागारांचे फोन पहाटेपासून वाजायला लागतात. मण्यात पाणी उतरलेलं असतं, साखर भरत असते, व्यापारी बांधावर येऊन भाव चाचपून जातात आणि नेमका तेव्हाच मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड, डोकं वर काढतो. दिंडोरीजवळच्या एका बागेतून नानांचा फोन आला तो अशाच धांदलीत. प्रश्न अगदी किरकोळ होता, कीटकनाशक पानाला चिकटावं म्हणून त्यात मिसळायच्या द्रावाबद्दल. "सर, क्लोरोपायरीफॉससोबत स्टिकर चालंल ना?"

"क्लोरोपायरीफॉस कोणी सांगितलं, नाना?"

"पोराच्या मोबाइलनं."

नानांचा प्लॉट थॉमसन वाणाचा, युरोपसाठी ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यात द्राक्षांच्या सरकारी नोंदणी व्यवस्थेवर, नोंदवलेला. क्लोरोपायरीफॉसची मंजुरी युरोपनं २०२० मध्येच संपवली आणि त्याच वर्षी फळातल्या त्याच्या अवशेषाची, म्हणजे रेसिड्यूची, मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे शंभर टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. काढणी तीन आठवड्यांवर असताना हे औषध मारायचं म्हणजे रेसिड्यूच्या सॅम्पलला माल नापास होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मी म्हटलं, टाकीत काही ओतू नका, निघालोच.

पोचलो तेव्हा फवारणीच्या ब्लोअरची टाकी नुसत्या पाण्यानं भरलेली होती आणि औषधाच्या बाटल्या सीलबंद होत्या. मुलगा जरा ओशाळलेला. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करतो, सुगीत घरी येऊन इथूनच काम पाहतो. पोरगा बेफिकीर मुळीच नाही. त्यानं एआयला विचारलेला प्रश्न दाखवला: "द्राक्षाला मिलीबग आहे, कोणतं औषध फवारू?" खाली शुद्ध मराठीत उत्तर. लिटरला किती मिली, हातमोजे घाला, मास्क लावा, वाऱ्याच्या दिशेनं उभे राहा. कृषी सहायकानं लिहावं इतकं नीटनेटकं.

आणि हाच खरा घोटाळा आहे. हे एआय अफाट मजकूर वाचून तयार झालेलं असतं. मिलीबगवर क्लोरोपायरीफॉस ही शिफारस वर्षानुवर्षं पत्रकांत, पुस्तकांत, मासिकांत छापली गेली. युरोपनं दार बंद केलं ती बातमी त्यामानानं थोड्याच ठिकाणी आली. नुसतं "मिलीबग" म्हटलं की जुनं पाठांतर पुढे येतं. उत्तराची भाषा मात्र तितकीच ठाम असते. जुनं काय, नवं काय, हे भाषेवरून ओळखू येत नाही.

मी मुलाला नवीन चॅट उघडायला सांगितलं. आता सगळं लिही: वाण थॉमसन, ऑक्टोबर छाटणी, मण्यात पाणी उतरलंय, काढणीला तीन आठवडे, माल युरोपला जाणार. प्रश्न तोच ठेव. या खेपेला त्याच एआयनं स्वतःहून लिहिलं की क्लोरोपायरीफॉस वापरू नका, युरोपच्या मर्यादेत बसणार नाही.

मुलगा चिडलाच. "मग मघाशी का नाही बोललं?"

"मघाशी तू युरोप म्हणालाच नव्हतास."

नाना हसले. माझ्याकडे फोन करणाऱ्यांचंही हेच असतं म्हणा, पण मी उलट विचारतो. एआय सहसा विचारत नाही, मिळालेल्या माहितीत जमेल तसं उत्तर देऊन मोकळं होतं.

नव्या उत्तरात एक दुसरं औषध सुचवलं होतं. काढणीआधी किती दिवस थांबायचं, म्हणजे पीएचआय, तोही दिला होता आणि वर मांजरीच्या यादीचा हवाला. मांजरीची यादी म्हणजे पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची, निर्यातीच्या बागांसाठीची, जिला आम्ही सगळे ॲनेक्शर ५ म्हणतो. त्या हंगामाची पीडीएफ माझ्या फोनमध्ये होती. उघडून पाहिलं तर दिवसांचा आकडा वेगळाच. एआयनं यादी उघडून पाहिलेलीच नव्हती. अशा ठिकाणी जसा आकडा शोभेल तसा लिहून टाकला होता, आणि सोबत नावही असं घेतलं होतं की कोणीही विश्वास ठेवावा.

मग ती पीडीएफच चॅटमध्ये टाकली आणि मुलाकडून लिहून घेतलं: "फक्त या फाइलमधून सांग. ज्या ओळीवरून सांगतोस ती जशीच्या तशी उतरव. सापडलं नाही तर सापडलं नाही असं म्हण." उत्तरं पुष्कळ सुधारली. तरीही जिथे तक्ता एका पानावरून दुसऱ्या पानावर गेला होता, तिथे शेजारच्या ओळीतले दिवस उचललेच. म्हणून शेवटी पीडीएफवर बोट ठेवून आम्हीच वाचलं, आणि नानांना सांगितलं की बाटलीवरचं लेबल आणि ही यादी, दोन्ही जुळल्याशिवाय टाकीत थेंब पडता कामा नये.

इथपर्यंत नानांचं मत तयार झालं होतं की हा मोबाइल बंद केलेलाच बरा. मला ते पटलं नाही. मी मुलाला म्हटलं, आता औषध विचारू नकोस. लिही, "सल्ला देण्याआधी तुला काय काय माहीत हवं ते आम्हाला विचार." आणि एआयनं खरोखर बरे प्रश्न विचारले. किती झाडांवर आहे? सगळ्या बागेत की एका कडेला? घडात शिरलाय की खोडाच्या सालीखाली आहे? मुंग्या दिसतात का? जवळ पेरू, सीताफळ, जास्वंद असं काही आहे का?

शेवटच्या प्रश्नावर नाना उठलेच. आम्ही तिघंही बागेत गेलो. मिलीबग होता तो पूर्वेकडच्या कडेच्या ओळींत, बांधावरच्या पेरूलगत. खोडांवर मुंग्यांची रांग, काही घडांवर चिकटा आणि त्यावर धरलेली काळी बुरशी. मधल्या ओळी स्वच्छ. चार एकर फवारायची गरजच नव्हती. लागलेले घड कापून पिशवीत भरायचे आणि बागेबाहेर नेऊन पुरायचे, ओळीत टाकायचे नाहीत. खोडांना चिकट पट्ट्या लावायच्या, मुंग्यांची वाट मोडायची आणि पेरूचा बंदोबस्त करायचा. हे मी पाहून ठरवलं, एआयनं नाही. पण पेरूकडे नजर वळली ती त्याच्या प्रश्नामुळे, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही.

चहा होईपर्यंत मुलगा जुन्या चॅट दाखवत होता. त्यात एक पाहून मी थांबलो. फळपीक विम्याचा अर्ज लिहून घ्यायला त्यानं सातबारा, आधार आणि बँकेच्या पासबुकाचे फोटो जसेच्या तसे चढवले होते. अर्जाचा मजकूर लिहायला यातला एकही नंबर लागत नाही. "गट क्रमांक अमुक, खाते क्रमांक तमुक" अशी रिकामी जागा ठेवायची आणि छापल्यावर पेनानं भरायचं. चढवलेलं कंपनीच्या सर्व्हरवर जातं, कित्येक सेवांत ते पुढच्या प्रशिक्षणालाही वापरलं जाऊ शकतं. सेटिंगमध्ये ते बंद करण्याची सोय बहुतेकांत असते, पण मुद्दाम जाऊन पाहावी लागते. मुलाला कॉम्प्युटरमधलं माझ्यापेक्षा दसपट कळतं. त्यानं दोन मिनिटांत सेटिंग बदललं आणि त्या चॅट पुसल्या. ऑफिसच्या फाइल्स तो कधीच असा चढवत नाही म्हणे. घरच्या कागदांना मात्र तो नियम लावायचं सुचलं नव्हतं.

एआय मी स्वतः रोज वापरतो. लॅबचा इंग्रजी रिपोर्ट मराठीत समजावून घ्यायला, शेतकऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या तुटक नोंदींची फवारणी नोंदवही लावायला. लिटरचं प्रमाण दोनशे लिटरच्या टाकीला बसवायचं असलं तर हिशेब पायरीपायरीनं मांडायला लावतो, म्हणजे चूक असेल तर नजरेला पडते. एखादं औषध या बागेत चालेल का, हे मात्र त्याच्या भरवशावर सोडत नाही.

निघताना नानांनी त्या सीलबंद बाटल्या उचलल्या. दुकानदार परत घेईल की नाही याची त्यांना शंका होती. "नसंल घेत तर ठेवतो. एप्रिल छाटणीनंतर मारू. तेव्हा कुठं घड असतो?"

मी म्हटलं, "नाना, २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर कशानं अडकले होते?"

"सीसीसीनं."

"आणि सीसीसी मारायचे कधी?"

नाना थोडा वेळ बाटलीकडे पाहत राहिले. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, फुटींची वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून एप्रिल छाटणीनंतरच मारायचे, आणि सापडलं होतं ते पुढच्या हंगामातल्या द्राक्षांत.

"जा रे," ते मुलाला म्हणाले, "दुकान उघडं असंल अजून. बिल घेऊन जा."