लीवर्ड बेटांची नोंदवही : नेव्हिसचं पान भरलं

मंडळी, नोंदवहीचा पुढचा हप्ता. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. वेस्ट इंडीजच्या देशांतर्गत क्रिकेटमधल्या लीवर्ड आयलंड्स या संघाची मी बेटवार वही लिहितोय. जाड पुठ्ठ्याची लेजर आणलीय, बेटागणिक पेन्सिलीचा रंग वेगळा. कसोटी खेळलेल्या प्रत्येकाचं बेट, पदार्पण, कामगिरी आणि उजवीकडे शेऱ्याचा रकाना. खरं सांगायचं तर सगळी मजा त्या शेऱ्यातच आहे. आकडे काय, कुठेही मिळतात.

हा संघ म्हणजे एक बेट नव्हे. अँटिगा-बार्बुडा, सेंट किट्स, नेव्हिस, मॉन्टसेराट, अँग्विला, ब्रिटिश आणि अमेरिकन व्हर्जिन बेटं, शिवाय डच राज्यातलं सिंट मार्टेन. इतक्या ठिकाणची पोरं एका टोपीखाली. त्यात डॉमिनिकाने माझा बराच वेळ खाल्ला. 1940 पर्यंत हे बेट कारभाराच्या दृष्टीने लीवर्डमध्ये होतं, मग विंडवर्ड या दक्षिणेकडच्या शेजारी बेटसमूहात गेलं. वहीपुरता नियम केलाय की डॉमिनिकाचा खेळाडू विंडवर्डचाच धरायचा. ज्यांना पटत नसेल त्यांनी आपली वही काढावी!

सुरुवातीची पानं लवकर उरकली, कारण तिथे लिहिण्यासारखं फारसं नाहीच. वेस्ट इंडीज पहिली कसोटी खेळलं 1928 मध्ये. बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका आणि ब्रिटिश गयाना ही चार बडी मंडळी. जुन्या आंतरवसाहती स्पर्धेत छोट्या बेटांना जागाच नव्हती. ती आपापसांत खेळायची आणि त्यांचे स्कोअर तिथेच राहायचे. 1965-66 ला शेल शील्ड ही वेस्ट इंडीजची प्रथम श्रेणी स्पर्धा सुरू झाली तेव्हा लीवर्ड आणि विंडवर्ड यांना मिळून एकच संघ दिला गेला, कम्बाइन्ड आयलंड्स. लीवर्डचा पहिला कसोटीपटू उगवला तो थेट 1973 मध्ये. पहिल्या कसोटीनंतर पंचेचाळीस वर्षांनी! निवड समितीला बोटीने जायला त्रास होत होता की काय कोण जाणे.

तो पहिला माणूस अँटिगाचा असेल असं बहुतेकांना वाटतं. रॉबर्ट्स किंवा रिचर्ड्स. पण नाही. तो नेव्हिसचा एल्क्वेमेडो विलेट, डावखुरा फिरकीपटू. पाचच कसोट्या खेळला, त्यातलं पदार्पण ऑस्ट्रेलियाविरुद्ध. 1974-75 च्या भारत दौऱ्यावरही तो आला होता. आज चार्ल्सटाउनच्या ग्रोव्ह पार्कला त्याचं नाव आहे.

नेव्हिस केवढं, तर 93 चौरस किलोमीटर. आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क त्याहून मोठं आहे. वस्ती बारा-तेरा हजार. एवढ्या मुठीएवढ्या बेटाचं पान भरायला घेतलं आणि जागा पुरेना. विलेटनंतर डेरिक पॅरी, ऑफस्पिनर. 1978 ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध याला संधी मिळाली, आणि त्याच मालिकेत पोर्ट ऑफ स्पेनला त्याने 15 धावांत 5 बळी घेतले. पुढे वर्णभेदामुळे बहिष्कृत असलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या 1983 च्या बंडखोर दौऱ्यावर गेला आणि कारकीर्द संपली. मग कीथ आर्थर्टन. ब्रिस्बेनला 1992 मध्ये नाबाद 157 करणारा, आणि 1996 च्या विश्वचषकात पाच डावांत मिळून दोन धावा करणारा. माझ्या वहीत ही दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी आहेत आणि मला त्यातलं एकही खोडावंसं वाटत नाही.

स्टुअर्ट विल्यम्सचं एकमेव कसोटी शतक आपल्याविरुद्धच, 1997 ला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये 128. रुनाको मॉर्टन 2006 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकतीस चेंडू खेळून शून्यावर बाद झाला, आणि 2012 ला त्रिनिदादमध्ये मोटार अपघातात गेला. त्याच्या शेऱ्यात शून्याबद्दल लिहिलं होतं, तेवढंच ठेवणं बरं दिसेना म्हणून खाली दोन ओळी वाढवल्या. शेवटी कीरन पॉवेल. मीरपूरला 2012 मध्ये एकाच कसोटीत 117 आणि 110, आणि मग हा पठ्ठ्या अमेरिकेत बेसबॉलमध्ये नशीब आजमावायला गेला. झाले सहा कसोटीपटू. माझं मत असं की लीवर्डचा इतिहास अँटिगापासून सांगायला घेतला की तो चुकीच्या टोकाने सुरू होतो. दार नेव्हिसने उघडलं.

अर्थात त्या दारातून आत घुसले ते अँटिगाचेच. 1972-73 च्या हिवाळ्यात तिथल्या स्वयंसेवी मंडळींनी वर्गणी काढून, कार्यक्रम करून दोन पोरांना लंडनला आल्फ गोव्हर यांच्या क्रिकेट शाळेत पाठवलं. एक अँडी रॉबर्ट्स, दुसरा व्हिव्ह रिचर्ड्स. सरकार नाही, बोर्ड नाही. वर्गणी! वर्ष-दीड वर्षात रॉबर्ट्स कसोटी खेळणारा पहिला अँटिगन झाला, आणि 1974 च्या नोव्हेंबरात बेंगळुरूला व्हिव्हने पदार्पण केलं. पुढच्याच दिल्ली कसोटीत नाबाद 192. त्या मालिकेत रॉबर्ट्सचे 32 बळी. वानखेडेवरची पहिलीवहिली कसोटी त्याच मालिकेतली, त्यामुळे आपल्या घरातल्या मोठ्यांना ही दोन नावं जास्तच पाठ असतात.

व्हिव्हच्या पानावर मात्र मी एका जागी अडकलो होतो, आणि ही गोष्ट स्कोअरबुक भरणाऱ्यांना नक्की आवडेल. 1969, सेंट जॉन्सचं अँटिगा रिक्रिएशन ग्राउंड, अँटिगा विरुद्ध सेंट किट्स. सतरा वर्षांचा व्हिव्ह पहिल्याच चेंडूवर बाद दिला गेला. त्याने पाय आपटला, नाराजी दाखवली आणि लोक मैदानात उतरले. व्हिव्ह नाही तर मॅच नाही! खेळ थांबला, आणि शेवटी आयोजकांनी चक्क त्याला परत फलंदाजीला बोलावलं. परत शून्य. दुसऱ्या डावात आणखी एक शून्य. म्हणजे दोन डावांच्या सामन्यात एकाच फलंदाजाची तीन शून्यं. वर दोन वर्षांची बंदी. आता हे भरायचं कसं? रकाने दोनच. मी पहिल्या डावाच्या चौकटीत तिरकी रेघ मारून वर एक आणि खाली एक शून्य लिहिलंय. कुणाकडे याहून बरी पद्धत असेल तर सांगा.

चषकांचं पान लहान आहे. 1980-81 ला कम्बाइन्ड आयलंड्सने शेल शील्ड जिंकली आणि लगेच पुढच्या हंगामापासून लीवर्ड आणि विंडवर्ड वेगळे झाले. लीवर्डने चार दिवसांची स्पर्धा 1989-90, 1993-94 आणि 1995-96 मध्ये जिंकली, 1997-98 ला गयानाबरोबर विभागून. बस्स. रिचर्ड्स, रिची रिचर्ड्सन, अ‍ॅम्ब्रोज, विन्स्टन आणि केनी बेंजामिन, एल्डीन बॅप्टिस्ट असली फौज असताना एवढंच कसं, हा प्रश्न रास्त आहे. पण ही मंडळी बहुतेक वेळ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यांवर किंवा काउंटीत असायची. 1985 पासून 1995 पर्यंत वेस्ट इंडीजचं कर्णधारपद आधी व्हिव्हकडे आणि मग रिचर्ड्सनकडे, म्हणजे अँटिगाकडेच होतं.

मैदानांचं पान या खेपेला सुरू केलं. रिक्रिएशन ग्राउंडच्या शेजारी तुरुंग. व्हिव्हचे वडील तुरुंग कर्मचारी, आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायला कैदी यायचे. पुढे तिथल्या खेळपट्ट्यांचं काम अँडी रॉबर्ट्सनेही पाहिलं. लाराचे 375 आणि नाबाद 400 दोन्ही इथलेच. आपल्यासाठी मात्र हे वसीम जाफरचं मैदान. 2002 ला 86 (हीच ती जबड्याला पट्टी बांधून कुंबळेने गोलंदाजी केलेली कसोटी) आणि 2006 ला 212. नॉर्थ साउंडचं नवं स्टेडियम 2007 च्या विश्वचषकासाठी बांधलं, व्हिव्हचं नाव दिलं, आणि 2009 मध्ये तिथली कसोटी दहा चेंडूंत बंद करावी लागली, कारण आउटफिल्ड म्हणजे नुसती वाळू. 2019 ला तिथेच आपल्या अजिंक्यने 81 आणि 102 केले, बुमराहने 7 धावांत 5 बळी घेतले.

मॉन्टसेराटचं पान सगळ्यात अवघड गेलं. प्लिमथमधल्या स्टर्ज पार्कवर लीवर्डचे प्रथम श्रेणी सामने व्हायचे. जुलै 1995 मध्ये सूफ्रिएर हिल्सचा ज्वालामुखी जागा झाला. राजधानी रिकामी करावी लागली, 1997 पर्यंत शहर राखेखाली गेलं, मैदानही गेलं. निम्म्याहून जास्त लोक बेट सोडून गेले. क्रिकेट उत्तरेकडे सेलमला हललं. या बेटाचा जिम ॲलन केरी पॅकरच्या खासगी मालिकेतल्या वेस्ट इंडीज संघात खेळला पण कसोटीची टोपी त्याला मिळाली नाही. ती मिळाली लायोनेल बेकरला, 2008 मध्ये. नियमाप्रमाणे ॲलनला वहीत जागा नाही. मी त्याला समासात घेतलंय.

अँग्विलाचा पहिला ओमारी बँक्स. 2003 ला अँटिगात ऑस्ट्रेलियाविरुद्ध 418 चा पाठलाग झाला त्यात याचे नाबाद 47. पुढे रेगे गायक झाला. सेंट किट्सच्या दोन नोंदी आहेत. तिथे जन्मलेला जोई बेंजामिन 1994 ला इंग्लंडकडून कसोटी खेळला, पण वेस्ट इंडीजकडून खेळणारा पहिला किटिशियन यायला 2024 उजाडलं. मिकाइल लुईस, लॉर्ड्सवर, अँडरसनच्या शेवटच्या कसोटीत. सिंट मार्टेनचा किसी कार्टीही 2024 मध्येच कसोटीपटू झाला. हा तोच, ज्याने 2016 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद 52 करून आपल्या पोरांना रडवलं. आपल्याकडून सर्फराजचे 51 होते. त्याच सामन्यात तीन बळी घेणारा अँटिगाचा अल्झारी जोसेफ तीन वर्षांनी मुंबई इंडियन्सकडून पदार्पणातच 12 धावांत 6 बळी घेऊन गेला आणि आपण सगळे 2016 विसरलो.

एक पुरवणी पान बाकी आहे. बेटं सुटी खेळली त्याचं. 1998 च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत अँटिगा-बार्बुडाचा स्वतंत्र संघ उतरला होता आणि भारताच्या गटातच होता. आपल्याकडून जडेजा कर्णधार, सचिनही संघात. पावसाने निकालच लागू दिला नाही. त्याचं पूर्ण धावफलक उतरवून काढायचंय.

ते झालं की विंडवर्डची दुसरी लेजर. पहिलं पान सेंट लुशियाचं घेणार, म्हणजे डॅरेन सॅमीचं. नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर सचिनचा शेवटचा झेल त्यानेच घेतला होता. पदार्पणाची तारीख वगैरे सगळं पेन्सिलीने लिहून ठेवलंय. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं ते तुम्हीच सुचवा, फक्त शिव्या नकोत.