शेवटचा आकडा ३७

एका पतसंस्थेत पासवर्ड तपासणीचं काम होतं. लेखी परवानगी घेऊन डोमेन कंट्रोलरवरून (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) हॅशची, म्हणजे पासवर्डच्या उलट न फिरवता येणाऱ्या सांकेतिक रूपाची, प्रत काढली, कर्मचाऱ्यांची नावं बाजूला केली आणि नेटवर्क तोडलेल्या मशीनवर हॅशकॅट लावलं; हे सॉफ्टवेअर अंदाज करकरून हॅशशी जुळवून बघतं. आधी २००९ साली रॉकयू या कंपनीतून फुटलेल्या पासवर्डांची यादी चालवली. फारसं हाती लागलं नाही. मग देव, गावं, सण, मुलांची नावं अशी हाताने यादी केली. नियम एकच: पहिलं अक्षर कॅपिटल, मागे @, मग आकडा. चहा येईपर्यंत निम्म्याहून जास्त पासवर्ड पडद्यावर होते. विंडोजच्या एनटीएलएम हॅशमध्ये सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला जोडलेली वेगळी यादृच्छिक भर) नसतं, त्यामुळे एकच अंदाज सगळ्या खात्यांशी एकदम ताडून बघता येतो.

संस्थेच्या नियमात हे सगळे बसत होते. आठ अक्षरं, कॅपिटल, आकडा, चिन्ह. एका पासवर्डपाशी मात्र थांबलो: गावाचं नाव, @ आणि ३७. बदलायची सक्ती दर ९० दिवसांनी, म्हणजे ३७ वेळा बदलायला नऊ वर्षं. त्या माणसाने नऊ वर्षं नियम इमानाने पाळला होता, दर वेळी आकडा एकने वाढवून.

शाखेतल्या कॅशिअर ताईंनी कारण सांगितलं. “साहेब, पाच सॉफ्टवेअरचे पाच पासवर्ड. तीनदा चुकला की खातं लॉक. हेड ऑफिसचा फोन लागेपर्यंत लोक रांगेत उभे.” याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच मुदतीची आणि चिन्हांची सक्ती नको असं सांगितलं होतं.

आम्ही किमान लांबी १४ केली, चिन्हांची अट आणि ९० दिवसांची मुदत काढली, लॉकची मर्यादा ३ वरून १० वर नेली. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहायला शिकवलं. इथे एक चूक हमखास होते: नवी लांबी पुढच्या बदलालाच लागू होते, आणि मुदत काढल्यावर तो बदल कधी येतच नाही. म्हणून मुदत काढण्याआधी सगळ्यांना एकदा बदलायला लावलं, शाखेगणिक, महिन्याचा पहिला आठवडा टाळून.

बॅकअपचं सर्व्हिस खातं (माणूस नाही, प्रोग्राम ज्याने लॉगिन करतो ते) शेवटी घेतलं, रात्री. पासवर्ड खात्यावर आणि सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे बदलावा लागतो. मग सर्व्हिस पुन्हा सुरू करून एक बॅकअप पूर्ण होऊ दिला आणि त्यातली एक फाइल परत काढून उघडून पाहिली.