कानबाईचा सोमवार आणि एएमएच

"पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी या," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिवस राहत नव्हते, त्याच्या तपासण्या करायच्या होत्या. पाळी आली ती नेमकी कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाच्या, रविवारी. घरात भाऊबंद जमलेले, रोटाचं दळण झालेलं, आणि मी बाजूला बसलेली. सोमवारी विसर्जनाची गर्दी सोडून आम्ही दोघांनी अमळनेरहून जळगावची गाडी धरली. (शनिवारी नुसता डाग होता, तो धरायचा नाही. अंगावरून नीट जायला लागलं की पहिला दिवस. हे आधी कुणी सांगत नाही.)

जिना चढून धापा टाकत लॅबमध्ये गेले, तर तिथल्या ताईंनी अर्धा तास बसवून ठेवलं. प्रोलॅक्टिन हे हार्मोन धावपळीनेही वाढतं. केसांसाठीचं बायोटिन आठवडाभर आधीच बंद केलं होतं, त्याने हार्मोनचे आकडे चुकू शकतात. मग एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिओल, टीएसएच (पाळी, अंडी आणि थायरॉइडची हार्मोन्स), सगळं एकाच सुईत. एएमएच हे अंडाशयातलं हार्मोन कुठल्याही दिवशी चालतं, पण दोन खेपा कशाला? आतून करायची सोनोग्राफी पाळी चालू असतानाच, हे ऐकून मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाचेक मिनिटांत उरकलं. उजवीकडे ४ फॉलिकल (अंड्यांच्या बारीक पिशव्या), डावीकडे ३.

संध्याकाळी परतताना गाडीतच रिपोर्ट आला. एएमएच ०.९, वय ३३. वयाच्या मानाने कमी. मोबाईलवर शोधत बसले आणि धरणगाव येईपर्यंत मी मनाने म्हातारी झाले होते.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. हा आकडा अंडी साधारण किती उरली ते सांगतो, कशी आहेत ते नाही. आपोआप दिवस राहतील की नाही, हेही त्यातून कळत नाही. आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) इंजेक्शनांना किती अंडी येतील, एवढा अंदाज येतो. एफएसएच ८, म्हणजे चांगलं होतं, पण तेही एकटं वाचायचं नाही: इस्ट्रॅडिओल वाढलेलं असलं तर एफएसएच दबून चांगलं दिसतं. माझं इस्ट्रॅडिओल ठीक होतं. अंडं सुटलं का ते सांगणारं प्रोजेस्टेरॉन सगळे 'एकविसाव्या दिवशी' म्हणतात. माझं चक्र २६ दिवसांचं, म्हणून एकोणिसाव्या दिवशी केलं, पुढच्या पाळीच्या ७ दिवस आधी. अंडं सुटत होतं.

राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आधीच्या एका दवाखान्यात दोन वर्षं माझ्याच तपासण्या चालल्या, ह्यांची एकही नाही. त्यात ना सुई, ना सोनोग्राफी! आता केली, तर शुक्राणूंची हालचाल कमी निघाली.

घरी सासूबाईंनी मलाच विचारलं, "काय बोलना डाक्टर?"

मी फाइल उघडणार, तोच हे म्हणाले, "माय, मना बी रिपोर्ट कमी से."

तीन महिन्यांनी ह्यांची तपासणी पुन्हा आहे. गाडी तीच.