घाट कधी उघडतो?

आपल्याकडे घाट बंद होतो तो दरड कोसळली की. वरंधा बंद, आंबेनळी बंद, अशा बातम्या जुलैत येतात आणि आपण दुसरा घाट धरतो, नाहीतर घरी बसतो. पण घाटाला मुळात फाटक असतं, ते हिवाळाभर बंद राहतं आणि बर्फ काढून झाला की कधीतरी उघडतं, ही गोष्ट सह्याद्रीत गाडी शिकलेल्या माणसाच्या पचनी पडत नाही. आल्प्समधून गाडीने फिरायचा बेत आखायला घेतला, तेव्हा आमचं सर्वांत जास्त डोकं इथेच खर्ची पडलं.

ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा रस्ता साधारण मेच्या सुरुवातीला उघडतो. इटलीतला स्टेल्व्हिओ उंच, २७५७ मीटर. तो मेअखेर किंवा जून उजाडल्यावर. आमच्या पोरांची शाळा भरते जूनच्या मध्याला. म्हणजे मे महिनाभर सुट्टी आहे पण घाट नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत पोचावं तर घाट आवरासावर करत असतात. ऑगस्टमध्ये सगळं उघडं असतं, पण तेव्हा अख्खी इटली सुट्टीवर बाहेर पडलेली असते आणि आमच्याकडे गणपतीची तयारी. पत्रिका जुळते ती फक्त जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, तीही त्या वर्षी बर्फाने मनावर घेतलं नाही तर. विमानाची तिकिटं मात्र फेब्रुवारीतच काढायची!

व्हिसाचं गणित त्याहून मजेशीर. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, नियम असा, की ज्या देशात मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा. ते ठरवता येत नसेल, मुक्काम समसमान असतील, तर जिथून पहिल्यांदा आत शिरणार त्याच्याकडे. आमची गाडी म्युनिकहून निघते, ऑस्ट्रियात शिरून फर्नपासचा घाट ओलांडते, रेशेनच्या खिंडीतून इटलीत उतरते, डोलोमाइट्सचे डोंगर करून पुन्हा ऑस्ट्रिया, मग स्लोव्हेनियाचं एक टोक आणि परत म्युनिक. यातल्या बहुतेक सीमांवर एरवी कोणी हटकत नाही. एक निळी पाटी, त्यावर गोल चांदण्या आणि देशाचं नाव, की झाला देश बदलून. पण त्या पाट्यांच्या अलीकडे-पलीकडे आपण किती रात्री झोपणार, हे पुण्यात बसून आधी लिहून द्यायचं. नवरा एक्सेल उघडून बसला होता. ‘लिएन्झची एक रात्र कमी केली की आपण इटालियन होतो,’ तो म्हणाला. मी म्हटलं, मग राहू दे, ऑस्ट्रियनच बरे.

रेशेनच्या मुक्कामाला मात्र मी कोणाला हात लावू दिला नाही. खिंड ओलांडली की इटलीच्या बाजूला एक तलाव आहे आणि त्याच्या पाण्यातून चर्चचा जुना दगडी मनोरा सरळ वर आलेला आहे. चौदाव्या शतकातला. १९५० मध्ये विजेसाठी धरणाचं पाणी चढवलं, ग्राउन गाव खाली गेलं, मनोरा तेवढा राहिला. सोलापूरच्या रस्त्यावर भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी ओसरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना इथे गाडी का थांबवायची हे सांगावं लागणार नाही. नवऱ्याच्या एक्सेलमध्ये या थांब्यापुढे ‘फोटो, १५ मिनिटं’ असं आहे. ते बदलेल.

स्टेल्व्हिओबद्दल बाबांचं मत पहिल्या दिवशीच झालं. प्राड गावातून माथा पंचवीसेक किलोमीटर, हे ऐकून ते म्हणाले, ‘म्हणजे सिंहगडापेक्षाही जवळ. सकाळी जायचं, भजी खायची, जेवायला खाली.’ मग मी त्यांना चढ सांगितला. प्राड साधारण नऊशे मीटरवर, म्हणजे त्या पंचवीस किलोमीटरांत गाडी अठराशे मीटर वर जाते. आपलं कळसूबाई समुद्रापासून मोजलं तरी १६४६. या बाजूला केसाच्या पिनेसारखी ४८ वळणं आहेत आणि प्रत्येकाला क्रमांकाची पाटी. लोंबार्डी तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होती. तिकडे उतरायला थेट वाट हवी म्हणून ऑस्ट्रियाच्या सम्राटाने हा रस्ता बांधून घेतला, १८२५ मध्ये तो पुरा झाला. बाबा गप्प झाले. मग म्हणाले, ‘उतरताना न्यूट्रल नाही हं करायची.’ पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल करणाऱ्या पिढीचा माणूस हे बोलला, याची नोंद असावी.

उतरायला आम्ही वेगळी वाट धरणार आहोत. माथ्याच्या जरा खालून उंब्राइलचा फाटा स्वित्झर्लंडमध्ये उतरतो आणि सांता मारिया, म्युस्टेअर करत फिरून पुन्हा इटलीत प्राडच्या अंगाला येतो. स्वित्झर्लंडचं महागडं व्हिन्येट, म्हणजे टोल भरल्याचं स्टिकर, लागतं ते हायवेला. या रस्त्याला नाही. तिथल्या घाटात पिवळी पोस्टाची बस समोर आली की वाट तिची, आणि मागे घे म्हणाली तर मागे घ्यायची, असा नियमच आहे. आपणही एसटीला घाटात हा मान देतो, पण नाइलाजाने.

टोलचं प्रकरण थोडक्यात आटोपते. ऑस्ट्रियात हायवेला व्हिन्येट घ्यायचं. टाउअर्नच्या बोगद्यांचे वर वेगळे पैसे, ग्रोसग्लॉकनरचे आणखी वेगळे. इटलीत जेवढं चालाल तेवढं. स्लोव्हेनियाचं व्हिन्येट इटलीतल्या टार्विझिओहून साध्या रस्त्याने क्रान्स्का गोराला गेलं तर वाचतं. हा शोध लावल्याबद्दल नवरा अजून कौतुकाची वाट पाहतोय.

क्रान्स्का गोराहून वर व्हर्शिचचा घाट चढतो. उंची १६११ मीटर, म्हणजे स्टेल्व्हिओपुढे काहीच नाही. वळणं दोन्ही बाजूंची मिळून पन्नास, आणि चढताना प्रत्येक वळणापुरती फरसबंदी दगडांची. हा रस्ता पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाने रशियन युद्धकैद्यांकडून करून घेतला. मार्च १९१६ मध्ये वरून बर्फ कोसळला आणि त्यातले कितीतरी जण त्याखाली गेले. वाचलेल्यांनी बांधलेलं लाकडी चर्च रस्त्याच्या कडेला आहे. एक्सेलमध्ये इथेही वेळ टाकायचा राहिला होता, मी टाकला.

खाण्याचं जमलंय. भारतातून दूधदुभतं नेऊ देत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे बाद. आईला तुपाचंच दुःख झालं. वरणभातावर काय घालायचं? म्युनिकच्या भावाने फोनवर सांगितलं, की तिथल्या दुकानात बुटरश्माल्झ नावाने डब्यात मिळतं ते कढवलेलं लोणीच असतं. आईचा विश्वास बसलेला नाही. ‘रवाळ असतं का विचार,’ म्हणाली.

खरी अडचण वेगळीच निघाली आहे. आईला घाटात गाडी लागते. खंबाटकीतही लागते. आवळा सुपारी, लिंबू, गोळी असा सगळा बंदोबस्त तिने लिहून काढलाय, आणि पुढची सीट आपली हे परस्पर जाहीर केलंय. पुढे बसून नकाशा बघून वळणं सांगायचं काम माझं होतं. आता ते मी मागून, दोन पोरांच्या मधे बसून करायचं. आणि मधल्या सीटवर बसलं की लागते मलाही.