पेटी रेकॉर्डिंग, नोंद ४: मुका माइक

मागच्या नोंदीत म्हटलं होतं, आता लिनक्सवाल्या लॅपटॉपच्या माइकवर पेटीचे तुकडे रेकॉर्ड करायला बसतो. बसलो. चार तुकडे घेतले, चारही मुके. ऑडेसिटीत (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) सरळ रेघ. आवाज पार चढवला तेव्हा विहिरीच्या तळातून आल्यासारखं काहीतरी पुटपुटलं.

आधी नेहमीचे सोपस्कार. अल्सामिक्सरमध्ये (टर्मिनलवरून आवाजाच्या पातळ्या लावायचा प्रोग्राम) एफ-६ दाबून खरं साउंड कार्ड निवडलं (नाहीतर नुसतं पल्सऑडिओ, म्हणजे प्रोग्राम आणि कार्डाच्या मधला थर दिसतो, खरी बटणं दिसतच नाहीत), मग एफ-४ दाबून कॅप्चरकडे, म्हणजे रेकॉर्डिंगच्या बटणांकडे. लाल अक्षरात ‘कॅप्चर’ चालू, पातळी भरपूर. हेडफोनचा माइक लावला तर तो उत्तम चालतो. म्हणजे लॅपटॉपच्या आतला माइक गेला, असं धरून मी यूएसबी माइकच्या किमती बघत बसलो. दीड तास वाया.

सहज म्हणून टर्मिनलवर एरेकॉर्ड ही रेकॉर्डिंगची आज्ञा चालवली, फॉरमॅट ‘सीडी’, ५ सेकंद. आणि आवाज खणखणीत! फरक एवढाच की ‘सीडी’ म्हटलं की ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट आणि दोन चॅनल येतात. ऑडेसिटीत मी पहिल्या दिवसापासून मोनो, म्हणजे एकच चॅनल ठेवलं होतं. हेडफोनवर ऐकताना मात्र सूर विचित्र लागत होता, डोक्याच्या मधोमध नाही, दोन्ही कानांच्या बाहेर कुठेतरी.

तीच फाईल ऑडेसिटीत उघडून ‘सा’ वर झूम केलं. वरच्या रेघेत डोंगर, बरोबर त्याखाली दुसऱ्या रेघेत दरी. आरशात बघावं तसं. माइक एकच, पण डाव्या चॅनलवर सिग्नल सरळ आणि उजव्यावर उलटा. मोनो करताना दोघांची सरासरी होते आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. ती पुटपुट म्हणजे न जुळलेली शिल्लक. खात्री करायला स्टीरिओ ट्रॅक फोडला, उजव्याला ‘इन्व्हर्ट’ दिलं, परत मोनोत मिसळलं. पेटी आली!

रोजचा उपाय त्याहून सोपा. पावूकंट्रोलच्या (पल्सऑडिओच्या पातळ्या लावायची खिडकी) इनपुट टॅबवर कुलपाचं चिन्ह सोडवायचं, म्हणजे दोन्ही चॅनल सुटे होतात. मग उजवा शून्यावर. मोनोत पातळी ६ डेसिबलने उतरते, तेवढी डावीकडे वाढवली. हे मूळ ड्रायव्हरमध्येही करता येतं. काही कोडेकसाठी (लॅपटॉपमधली आवाजाची चिप) ‘इन्व्ह-डीमाइक’ नावाचं मॉडेल, म्हणजे ड्रायव्हरला द्यायची तयार सेटिंग आहे. पण मॉडेल हाताने दिलं की कर्नलने (लिनक्सचा गाभा) त्या मशीनसाठी स्वतः लावलेली दुरुस्ती बाजूला पडते, आणि माझा हेडफोनचा जॅक सध्या सुखात आहे. त्याच्या वाटेला जात नाही.

आता सुरांपेक्षा भात्याची फुसफुस जास्त येते आहे. पुढच्या शनिवारी लॅपटॉप दीड हात मागे, खाली चादरीची घडी ठेवून बघतो.