नवी मुंबईच्या दमट हवेत ३०० वॅटची कोल्ड प्लेट : प्रतिमानाचा पुढचा टप्पा

तापणारा इलेक्ट्रॉनिक भाग फ्रिजसारख्या चक्राने थंड करणारी कोल्ड प्लेट, म्हणजे आतून रेफ्रिजरंट वाहणारी धातूची पाटी, मी तयार करत आहे. चाचणीसाठी इलेक्ट्रॉनिक भागाऐवजी तांब्याच्या ठोकळ्यात कार्ट्रिज हीटर (दांड्यासारखे विजेचे हीटर) बसवले असून, ४ सेंमी × ४ सेंमी पृष्ठभागातून ३०० वॅट, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १९ वॅट उष्णता आर-१३४ए या रेफ्रिजरंटने उचलायची आहे. चक्राचे गणिती प्रतिमान पायथनमध्ये कूलप्रॉप या द्रव-वायूंचे गुणधर्म देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधारे मांडले आहे.

प्लेटमध्ये रेफ्रिजरंटच्या बाष्पीभवनाचे तापमान जितके कमी तितके चांगले, ही समजूत कोपरखैरण्याच्या पावसाळ्यात टिकत नाही. हवा २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २५ अंशांच्या किंचित वर येतो. त्याहून थंड नळीवर पाणी साचून ते थेट सर्किटवर ओघळू शकते. म्हणून दवबिंदूची अट प्रतिमानातच घालून बाष्पीभवन २७ अंशांवर ठेवले. कंडेन्सर (वाफेचा पुन्हा द्रव करणारा भाग) ४७ अंशांवर धरल्यास कार्नो सीओपी, म्हणजे खर्चलेल्या कामाच्या किती पट उष्णता उचलता येईल याची सैद्धांतिक कमाल मर्यादा, १० अंशांच्या बाष्पीभवनाला ७.७ येतो, तर २७ अंशांना १५. शिवाय सक्शनची, म्हणजे कॉम्प्रेसरकडे ओढली जाणारी वाफ अधिक घन असल्याने कॉम्प्रेसरने ओढायचे आकारमान निम्म्याच्या आसपास येते. मात्र सक्शनचा निरपेक्ष दाब ७ बारपर्यंत चढतो. उणे २३ अंशांच्या बाष्पीभवनासाठी बनवलेला घरगुती फ्रिजचा कॉम्प्रेसर येथे वापरू नये, कारण त्याच्या मोटरवर अतिभार येतो.

खरी अडचण कोल्ड प्लेटच्या शेवटच्या भागात आहे. वाफ प्लेटमध्येच सुपरहीट होऊ दिली, म्हणजे सगळा द्रव संपून ती बाष्पीभवनाच्या तापमानापलीकडे तापू दिली, तर सेकंदाला जेमतेम २ ग्रॅम प्रवाह पुरतो, परंतु द्रवाचा थर संपताच उष्णतावहन कोसळते आणि नेमका तोच भाग तापतो. त्यामुळे प्लेटमधून बाहेर पडताना वाफेचा अंश (वजनातला वाटा) ०.८ च्या पुढे जाऊ न देण्याचे मी ठरवले आहे. उरलेला द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचू नये म्हणून सक्शन नळी आणि कंडेन्सरकडून येणारी द्रवनळी यांच्यात उष्णता-विनिमयक ठेवला. पण गरम द्रव २७ अंशांखाली उतरू शकत नसल्याने त्यातून किलोग्रॅममागे फार तर ३० किलोज्यूल मिळतात, तर उरलेल्या द्रवाची वाफ करायला गरज ३५ ची आहे. ही तूट भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसरच्या ड्रायव्हर बोर्डाची (मोटर चालवणाऱ्या सर्किटची) उष्णता प्लेटनंतरच्या नळीला देणे मला सर्वांत योग्य वाटते: तेथे उष्णतेची घनता कमी असल्याने नळीचा काही भाग कोरडा पडला तरी चालतो आणि बोर्डही थंड राहतो.

आता सुपरहीटचा संवेदक प्लेटच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी न लावता या बोर्डाच्या पुढे लावून प्लेटमध्ये किती द्रव सोडायचा हे ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्हचे नियंत्रण नव्याने बसवत आहे.