शुक्रवारचा तंबोला राहू दे, आधी बातमी वेळेत द्या

घरून काम करणाऱ्यांना मोटिव्हेटेड ठेवायचं कसं, हा विषय निघाला की एचआरकडे उत्तर तयारच असतं. शुक्रवारी संध्याकाळी ऑनलाइन तंबोला. तो झाला की वर्च्युअल कॉफी, मग 'माझा आवडता कोपरा' असली काहीतरी फोटो स्पर्धा. आता शुक्रवारी सहाला माणसाला लॅपटॉप मिटायचा असतो, भाजी आणायची असते, पोराला क्लासवरून आणायचं असतं आणि इकडे आपलं चाललंय, पंचेचाळीस, फोर फाइव्ह. सगळ्यांचे कॅमेरे बंद, एक जण चुकून अनम्यूट, मागून कुकरच्या शिट्ट्या. यातून कुणाचं कुणाशी नातं जुळलेलं मी तरी बघितलं नाही.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. टीममधले निम्मे हिंजवडीला ऑफिसात, बाकीचे आपापल्या गावी, तासगाव, कराड, लातूर, एक जण पार भुसावळला. कोविडमध्ये सगळेच घरी होते तेव्हा सगळ्यांची गत सारखीच होती, त्यामुळे कुणाला फार खुपत नव्हतं. खरा घोळ सुरू झाला तो निम्मे ऑफिसात परत गेल्यावर.

तासगावच्या पोराचंच सांगते. कामाला एकदम चोख. क्लायंटने रिपोर्टची एक स्क्रीन रद्द केली, ते पक्कं झालं ऑफिसखालच्या टपरीवर चहा पिता पिता, तिथं होते त्यांना सगळ्यांना कळलं, याला मात्र कुणी सांगितलंच नाही, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. हा बिचारा आठवडा संपेपर्यंत तीच स्क्रीन घासत बसला आणि कोड पाठवल्यावर उत्तर आलं, 'अरे ते कॅन्सल झालं ना'. त्यावर याने फक्त 'ओके' लिहिलं. आधी हाच पोरगा 'ताई हा फिल्टर असा का ठेवलाय, युजर दोनदा क्लिक करणार ना, मग डेटा डबल नाही का येणार' असे हे एवढाले मेसेज टाकायचा, आणि त्या दिवसानंतर नुसतं 'डन', 'ओके', 'येस'. काम वेळेवर, क्वालिटी ठीक, डॅशबोर्डवर सगळं हिरवं, पण प्रश्न विचारायचे बंद. ऑफिसात असता तर चेहऱ्यावर दिसलं असतं. घरून काम करणाऱ्याचा चेहरा म्हणजे त्याचे मेसेज, ते आखूड व्हायला लागले की फोन उचलायचा आणि बोलायचं, पुढच्या मीटिंगची वाट बघायची नाही.

आता याला तंबोला खेळवून काय होणार होतं? त्याचं म्हणणं साधं होतं, 'ताई, मला सगळ्यात शेवटी कळतं.' बस. म्हणून आम्ही एक नियम केला, निर्णय टपरीवर होऊ दे, लिफ्टमध्ये होऊ दे, ग्रुपवर लिहिल्याशिवाय तो झाला असं धरायचंच नाही. शेवटचं वाक्य ज्याच्या तोंडून निघालं त्याने तिथंच उभ्या उभ्या दोन ओळी टाकायच्या, मराठीत टाका, मिंग्लिशमध्ये टाका, व्याकरण कुणी तपासत नाही. आणि मीटिंगला एक जण जरी बाहेरून असेल तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून यायचं. कारण कॉन्फरन्स रूममध्ये सात जण टेबलाभोवती हसतायत आणि लातूरवाल्याला नुसता हशा ऐकू येतोय, विनोद नाही, हे फार वाईट असतं. पुण्याची मंडळी कुरकुरली, शेजारी शेजारी बसून हेडफोन लावायचे का म्हणे. म्हटलं हो, लावायचे.

हे काही आमच्याच टीमचं रडगाणं नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्याच ६१,१८२ अमेरिकन कर्मचाऱ्यांचा २०२० च्या पहिल्या सहामाहीतला डेटा तपासला होता, त्यात दिसलं की सगळे घरी गेल्यावर लोकांचं आपापल्या कोंडाळ्यातलं बोलणं घट्ट झालं, पण एका गटातून दुसऱ्या गटात जाणारे दुवे कमी झाले. म्हणजे आपल्या टीममधल्याशी बोलणं होतंच हो, पण पलीकडच्या टीममधली ती जी कँटीनमध्ये भेटायची आणि बोलता बोलता 'अगं ते आम्ही मागेच करून ठेवलंय' असं सांगून आठवड्याचं काम वाचवायची, ती गेली. यावर मला अजून तरी पक्का उपाय सापडलेला नाही. दर पंधरवड्याला दुसऱ्या टीममधल्या एकाला आमच्या कॉलवर बोलावते, 'तुमच्याकडे काय चाललंय ते सांग' एवढंच. कधी उपयोग होतो, कधी नुसत्याच गप्पा होतात.

खरं तर लांब राहून जोडलेलं राहणं आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले बघा. सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन ही माणसं देशभर पसरलीत, उत्तरेत दिल्लीकडे आणि खाली तमिळनाडू, केरळपर्यंत, आणि हे काही हल्लीचं नाही, पिढ्या झाल्या. आमच्या शेजारच्या काकांचा भाऊ कोइमतूरला असतो. माणूस वर्षातून जत्रेला एकदा येणार, पण गावच्या देवळापुढे पत्रा घालायचा की स्लॅब टाकायचा हे ठरवताना त्याला फोन जातो. वर्गणी मागायला तर जातोच, पण त्याच्या आधी मत विचारायला जातो! आणि तो तिकडनं तासभर भांडतो, पत्रा नको, पावसात आवाज किती येतो, कीर्तन ऐकू येणार का कुणाला. त्याला गाव तुटल्यासारखं वाटत नाही कारण गाव त्याला धरूनच चालतं. आमच्या कंपन्यांचं उलटं असतं, निर्णय झाल्यावर मेल येतो आणि त्याच्या खाली लिहिलेलं असतं 'वी व्हॅल्यू युअर फीडबॅक'.

पैशाचा आणि प्रमोशनचा विषय तर कुणी काढतच नाही. स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनच्या सीट्रिप कंपनीच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या शेवटी एक प्रयोग केला होता, ९ महिन्यांचा, चार दिवस घरून आणि पाचवा दिवस ऑफिसात. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, हा आकडा सगळे सांगतात. त्याच रिसर्च पेपरमध्ये पुढे असंही आहे की कामगिरीच्या मानाने बघितलं तर त्यांना प्रमोशन कमी मिळालं. हे मात्र कुणी सांगत नाही. त्याच कंपनीतला नंतरचा प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला, १,६१२ जण, दोन दिवस घरून बाकी ऑफिसात, त्यात नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले आणि प्रमोशनमध्येही फरक पडला नाही. म्हणजे अधूनमधून तोंड दिसत राहिलं की बरंच भागतं असं मी तरी समजते. आता तासगाववाल्याला आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला बोलावणं काही शक्य नाही, म्हणून अप्रेझलच्या आधी बाहेरच्या प्रत्येकाने वर्षभरात काय केलं याची यादी मी स्वतः काढून वरच्या साहेबांपुढे ठेवते, नावानिशी. ऑफिसातल्याचं काम साहेबाला येता जाता दिसतं, यांचं कुणीतरी दाखवावं लागतं.

घरच्यांचा मुद्दा शहरातल्या मॅनेजर लोकांच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडे दिवसा घरात दिसणारा माणूस म्हणजे रिकामा माणूस. मग गॅसवाला आला तर तू बघ, मावशीला मिरजेला डॉक्टरकडे न्यायचंय तर तूच ने. माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, 'ती कॉम्प्युटरवर काहीतरी करत असते.' दिवाळीला कंपनीने नाव छापलेला फराळाचा डबा कुरिअरने घरी पाठवला तेव्हापासून मात्र 'तिची मीटिंग चालू आहे, हळू बोला' असं सुरू झालं. तंबोल्याच्या बक्षिसांचे पैसे त्या डब्यांत घाला म्हणावं.

आणि कनेक्ट व्हायचं असतं तेव्हा माणसं आपोआप होतात. २०२१ च्या जुलैत कृष्णेला पूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५० फुटांच्या वर गेलं होतं, इथं ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. आमचा भुसावळवाला रोज सकाळी स्टँडअपच्या, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगच्या आधी विचारायचा, 'मॅडम, आयर्विनला किती?' कधी सांगली न बघितलेला माणूस, पण आकडा पाठ. माझ्या वाटणीची दोन तिकिटं, म्हणजे सिस्टिमवर नावावर टाकलेली कामं, त्याने न विचारता स्वतःकडे घेतली, वर ग्रुपवर टाकलं, लाईट गेली तर कळवू नका, आम्ही समजून घेतो. हे कुठल्या इंगेजमेंट कॅलेंडरमध्ये बसवणार?

पुढच्या महिन्यात जतची एक मुलगी जॉइन होतेय, कॉलेजमधून थेट. नवीन माणसाला पहिल्या दिवसापासून घरून बसवणं मला पटत नाही, कुणाला काय विचारायचं हेच त्याला माहीत नसतं. पहिले दोन आठवडे तिला पुण्यात ठेवायचं, राहायचा खर्च कंपनीचा, असं मी लिहून दिलंय. फायनान्सवाले म्हणतात रिमोटची पोस्ट आहे, पॉलिसीत बसत नाही. भांडण चालू आहे, बहुतेक एक आठवडा तरी पदरात पडेल.